तिघींनी एकच सांगितलं

मस्तगड, जालना
२१ जुलै २००२

साखरे,

तुझी आक्का बोलतेय. फाडायचं असंल तर सगळं वाचून झाल्यावर फाड. अक्षर माझ्या नातीचं आहे, अन् तिनं तुझं काही बिघडवलेलं न्हाई. शिवकन्या तिचं नाव, आमच्या काकासाहेबाची थोरली. तू चौथीपर्यंत शाळेत गेलीस, मी ढोरांमागं गेले, म्हणून तुला वाचता येतं अन् मला नुसतं सांगता येतं. एकोणीस वर्सांत आपण दोघी बहिणी एक शब्द बोललो न्हाई. आता कागदाला बोलू दे.

पोरगी बारावी झाली, इथल्या कॉलेजात नाव घातलं, मस्तगडला एक खोली केली. तिला भाकरी करून घालायला कुणीतरी पाहिजे होतं. पिंपळगावात माझ्यावाचून कुणाचं अडत न्हाई, हे सूनबाईनं मोठ्या आनंदानं सांगितलं. मंग आले.

आता पत्र कशापायी ते ऐक. मी एक नवल पाह्यलं, अन् ते कुणाला सांगावं म्हणलं तर तुझ्याशिवाय कुणी आठवलं न्हाई. माहेरच्या जत्रेत तो डब्याला डोळा लावून चित्रं दाखवणारा आल्ता, तेव्हा आधी मी पाह्यलं अन् मंग तुला कडेवर उचलून दाखवलं. तसंच समज.

या कॉलेजात नव्या पोरांना पहिले पंधरा दिवस इचारायचं कसं तेवढंच शिकवतेत. खरंच सांगते. पुस्तक कुठं शोधायचं, कॉम्प्युटरला काय इचारायचं, अन् त्यानं सांगितलं की लगेच मान डोलवायची का न्हाई. मी शिवकन्याला म्हणलं, "इचारायला काय शिकायचं? त्याच्यापायी बापानं फी भरली का?" ती म्हणली, "आजी, तू एकदा येऊन बघ, मंग बोल."

काल शनिवारी घरच्या माणसांना बोलावलं होतं. गेले. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढायला लावल्या, देवळावानी. आत गार, अन् पोरं अशी चिडीचूप की मला वाटलं आरती झाली का व्हायचीय. आधी ग्रंथालय दाखवलं. साखरे, एका कपाटाला शंभर तरी छोटे कप्पे, अन् कप्प्यांत नुसती कार्डं. प्रत्येक पुस्तकाची जणू कुंडली. कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कोणत्या फळीवर बसलंय. मला वाटलं, माणसांची अशी कार्डं असती तर लगनं जुळवायला किती सोपं गेलं असतं.

मंग शिवकन्या कॉम्प्युटरपुढं बसली. आधी एक परवलीचा शब्द घातला. तो कुणालाच सांगायचा नसतो म्हणे, आईलाबी न्हाई. आपल्या घराण्यात गुपित राखणारी ही पहिलीच बाई. मंग दोन बोटांनी टकटक करून तिनं 'मोसंबी' असं इंग्रजीत घातलं. माझी पापणी लवली न लवली तोच ती म्हणली, "आजी, हा शब्द हजारो जागी सापडला." हजारो! मला मोसंबीची दहा झाडं माहीत, तीबी दुसऱ्याच्या वावरातली. माझे हात आपोआप जोडले गेले.

तिथं देवानंद सर म्हणून आहेत, ग्रंथालय तेच सांभाळतेत. ते म्हणले, "आजी, हात जोडू नका. याला सोताचं काहीच माहीत नसतं. लोकांनी लिहिलेलं हा नुसतं आणून देतो. खरं का खोटं, ते याला कळत न्हाई."

मी म्हणलं, "मंग याच्यात अन् आमच्या सगुणाबाई कासारणीत फरक काय? तीबी बांगड्यांचा हारा घेऊन दारोदार हेच करायची."

सगळी पोरं हसली. सर हसले न्हाईत. म्हणले, "आजी, तुम्ही बराबर बोललात."

मालनबद्दल मी काही इचारत न्हाई. तू सांगणार न्हाईस. शिवकन्या इचारतेय की मालनआत्या कोण, म्हणून तिला सांगितलं अन् तिनं ते लिहायलाच पाहिजे म्हणून हट्ट धरला. तर लिही बाई. साखराची लेक मालन. जालना जिल्हा झाला त्या साली तिची सुपारी फुटली, आमच्या शेजारच्या गावच्या रामरावाशी. गाव माझ्या जवळ, म्हणून साखरानं चौकशी माझ्यावर सोडली. पाच गावांतली स्थळं तेव्हा लोक माझ्याच तोंडानं पारखायचे. मी सांगितलं, पोराला फेफरं येतं. लगीन मोडलं. सुपारी फुटून मोडलेली पोरगी, दुसरं स्थळ येईना. मंग अंबडच्या बिजवराला दिली, पंधरा वर्सांनी मोठा, पहिलीची दोन लेकरं. वर्साभरानं साखरानं रामरावाला सोता पाह्यलं. धडधाकट, कधी शिंक सुद्धा न्हाई. ती माझ्या दारात येऊन बोलली ते बोलली, मंग बोलणंच बंद.

मी तेव्हाबी सांगितलं, आजबी सांगते. मी तीन जागी इचारलं होतं. तिघींनी एकच सांगितलं. आणखी काय करायचं माणसानं?

तुझी आक्का
तुळजाबाई


मस्तगड
४ ऑगस्ट २००२

साखरे,

तुझं उत्तर न्हाई. मी वाट पाहून राह्यले असं समजू नको. पोस्टमन रोज जातो तो काही माझ्यासाठी जात न्हाई, हे मला कळतं.

एक झालंय, ते सांगते. सांगावं का न्हाई, याच्यात तीन दिवस गेले.

देवानंद सरांनी पोरांना काम दिलं. जालन्याची एक गोष्ट शोधा, अन् ती कुठून कळली तेबी लिहा. शिवकन्यानं घेतलं, आपल्याकडं मोसंबी पहिल्यांदा कधी लावली. कॉम्प्युटरवर तिला तीन जागी एकच साल सापडलं. खूश होऊन आली, म्हणली, "आजी, तीन साक्षीदार! पक्कं!" मी तिला गुळाचा खडा दिला. आमच्या घराण्याची रीतच आहे, तीन जागी इचारायची.

दुसऱ्या दिवशी तोंड पाडून आली. सरांनी तिन्ही पानं कागदावर छापून शेजारी शेजारी ठेवली अन् म्हणले, "नीट वाच." तिन्हीकडं लिहिलं होतं की जालना शहर गोदावरीच्या काठावर आहे.

साखरे, तूच सांग. तुझ्या घनसावंगीकडं गोदावरी आहे. इथं मस्तगडाखाली कुंडलिका वाहते, अन् तीबी वाहते म्हणायची आपली पद्धत. सर म्हणले, "एकानं चूक केली, दुसऱ्यानं त्याचं उतरवलं, तिसऱ्यानं दुसऱ्याचं. खरी गोष्ट तर तिघंबी सारखीच सांगतील. पण तिघांची चूकसुद्धा सारखीच निघाली, तर समजायचं की तोंडं तीन आहेत, माणूस एकच. मंग मागं मागं जायचं. पहिल्यांदा कोण बोललं, त्यानं डोळ्यांनी पाह्यलं का, तिथपर्यंत."

पोरगी हे सांगत होती अन् मी भाकरी थापून राह्यल्ते. तव्यावरची भाकरी करपली. आजवर माझ्या हातून भाकरी करपलेली तू पाह्यलीस का?

रामरावाचं मला तिघींनी सांगितलं होतं. एक तेलीण, एक देवळात झाडलोट करणारी, एक त्याच्याच गावात दिलेली आमच्या भावकीतली पोरगी. तीन घरं, तीन जाती, एकमेकींच्या दारात न जाणाऱ्या. अन् तिघीबी म्हणल्या, आठवडी बाजारात पडला, कांदा हुंगवला तेव्हा उठला. तिघींच्या तोंडी कांदा. मला तेव्हा वाटलं, एवढं बारीक सांगतेत म्हणजे खरंच असणार.

फेफरं आलेल्याला कुणी कांदा हुंगवतं, कुणी चप्पल, कुणी हातात लोखंड देतं. बाजारात शंभर माणसं. एकीला तरी चप्पल दिसायला पाहिजे होती.

(आजी इथं थांबली. पुढचं उद्या सांगते म्हणाली, पण दुसऱ्या दिवशी काही सांगितलं नाही. मी एवढंच टाकतेय. – शिवकन्या)


मस्तगड
१२ ऑगस्ट २००२

साखरे,

उद्या पंचमी. शिवकन्याला बांगड्या भरायच्या म्हणून बाजारात गेल्ते. खोटं कशाला बोलू? बांगड्या निमित्ताला होत्या. सगुणाबाई कासारीण आता जालन्यात असते, लेकाच्या दुकानात. गावोगाव फिरणं गेलं, गुडघे गेले, पण हात तसाच आहे. आठ वर्साच्या पोरीला भरली तरी रडू येऊ देत न्हाई.

मला पाहून म्हणली, "कोण, तुळजाबाई? अजून जिती हाईस?"

मी म्हणलं, "तू आधी जा म्हणून वाट पाहून राह्यले."

तेलीण वारली, देवळातली वारली. भावकीतली ती पोरगी, तिला मी मागल्या आठवड्यात शिवकन्याकडून फोन लावला होता. ती म्हणली, "मला कासारणीनं सांगितलं होतं." बाकी दोघीबी तिच्याच हातून बांगड्या भरायच्या. म्हणून मी मागं मागं जात सगुणाबाईपाशी आले. मनात म्हणलं, आता हिला धरते. एकवीस वर्सांचं खापर हिच्या टोपल्यात टाकते अन् मोकळ्या हातानं साखराला लिहिते.

तिनं शिवकन्याचा हात दाबून दाबून मऊ केला, पहिली बांगडी चढवली. मी इचारलं, "सगुणाबाई, रामरावाला फेफरं येतं, हे तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी म्हणजे? तूच."

मी म्हणलं, "वय झालं तुझं."

"वय माझं झालं, पण डोकं न्हाई गेलं. तुझ्या ओट्यावर तुझ्याच हातात हिरव्या बांगड्या भरून राह्यल्ते. तू म्हणलीस, त्या रामरावाला फेफरं येतं म्हणतेत, बाजारात पडला, कांदा हुंगवला तेव्हा उठला, खरं का गं? मी म्हणलं, मला काही ठाऊक न्हाई. मंग पुढच्या दारी मी तेच इचारलं, खरं का गं? तिथून पुढं 'खरं का' तेवढं गळून पडलं." बांगडी चढवता चढवता म्हणली, "बिचाऱ्याला चार वर्सं कुणी पोरगी देईना."

साखरे, तुला ठाऊक आहे मी स्थळ कसं पाहायची. खडा टाकायची. पोरगं पितं का, असं कुणी इचारलं तर समोरची म्हणते, छे. म्हणून मी म्हणायची, पितं म्हणतेत, नाल्यात पडलं होतं म्हणतेत. मंग समोरची चिडून खरं बोलते. काय हुशारी! पाच गावं माझ्या हुशारीला वाखाणायची. रामरावावरबी तसाच खडा टाकला. फेफरं मीच लावलं. बाजार मीच भरवला. कांदासुद्धा माझ्याच घरचा.

दुकानाच्या पायरीवर मी किती वेळ बसले, ठाऊक न्हाई. बाजार चालला होता, रिक्षा ओरडत होत्या. मला सारखं नवल वाटत होतं. माझ्याच ओट्यावरून निघालेलं एक वाक्य, कुणाच्या टोपल्यात बसलं, कुणाच्या घाण्यावर थांबलं, देवळाची पायरी चढलं, अन् पंधरा दिवसांत तीन साक्षी घेऊन माझ्याच दारात खरं होऊन उभं राह्यलं. अन् मी त्याला घरात घेतलं, पाट दिला. जीव न्हाई, पाय न्हाई, अन् एवढं चाललं. कॉम्प्युटरला मी हात जोडले होते. आता मला माझ्या जिभेचीच भीती वाटायला लागली.

तर साखरे, चूक माझी. कासारणीची न्हाई, तेलिणीची न्हाई. मी इसरून गेल्ते की तो खडा माझाच होता. एवढ्या स्थळांवर एवढे खडे टाकले, कोणता कुठं पडला हे कुठं ध्यानात राहतं?

तुझी आक्का


मस्तगड
३० ऑगस्ट २००२

साखरे,

तुझं कार्ड आलं. शिवकन्यानं वाचलं, मंग मी तिच्या हातातून घेतलं अन् नुसतं पाहत बसले. चार शब्द. तुझं अक्षर गोल आहे, हे मला ठाऊकच न्हवतं.

"आक्का, खरंच इसरली होतीस?"

चौथी शिकलेली बाई असंच इचारणार.

(आजीनं मला दोनदा बाहेर पाठवलं अन् दोनदा परत बोलावलं. – शिवकन्या)

न्हाई.

पहिल्या दोघी बोलल्या तेव्हा खरंच ध्यानात आलं न्हाई. तिसरी, देवळातली, तीबी कांदाच म्हणली. कांदा मी कुठं ऐकला, असं मनात आलं. घरी जाईपर्यंत आठवलंबी असतं, पण मी आठवू दिलं न्हाई. वाटेत तिघी-चौघींना सांगून टाकलं की मी पारख केली, पोरगं बाद. एकदा सांगितल्यावर मंग मागं कसं फिरायचं? तुळजाबाई चुकली, असं पाच गावांत आजवर कुणी म्हणलं न्हवतं. त्या एका गोष्टीपायी मी तुझी लेक दिली.

हे शिवकन्याच्या हातानं लिहून घेतेय, याची मला जास्त लाज आहे. ती नुसतं म्हणली, "आजी, पुढचं वाक्य सांग."

पुढचं वाक्य हे, की मी मालनकडं अंबडला जाणार. तू जाऊ नको म्हणलीस तरी जाणार. तिला माझ्या तोंडून सांगणार. तिनं दारात उभं केलं न्हाई तर रस्त्यातून सांगणार.

आक्का


मस्तगड
९ सप्टेंबर २००२

साखरे,

काल रविवारी अंबडला जाऊन आले. शिवकन्या सोबत होती. सकाळची बस चुकली, दुसऱ्या बसनं उभ्यानं गेलो. सगळी वाट मी मनात वाक्यं जुळवत होते, अन् दार उघडल्यावर एकबी कामाला आलं न्हाई.

मालननं मला ओळखलं. केस पांढरे झालेत, पण डोळे तुझे. म्हणली, "मावशी? या, बसा." एवढंच. जावई घरात होते. माणूस गरीब आहे साखरे, ऐकू कमी येतं, मला पाहून उठून उभे राह्यले अन् शेजारी निघून गेले. तिची पोरगी सत्वशीला पाटावर बसून हरभरा निवडत होती. बारावीला आहे.

मी पाणीबी घेतलं न्हाई. उभ्यानंच सगळं सांगितलं. ओटा, कासारीण, खडा, तीन तोंडं, कांदा. देवळातल्या बाईचंबी सांगितलं, की मला तेव्हा आठवत होतं अन् मी आठवू दिलं न्हाई. माझी तयारी होती की ती शिव्या देईल. नवऱ्याला हाक मारील. दार दाखवील.

ती म्हणली, "कोण रामराव?"

मी म्हणलं, "ज्याच्याशी तुझी सुपारी फुटली होती."

"त्यांचं नाव रामराव होतं होय."  मंग म्हणली, "मावशी, लगीन त्यांनी मोडलं ना? मी काळी म्हणून?"

साखरे, पोरीला कुणी काही सांगितलंच न्हवतं.

सतरा वर्साची होती. घरात मोठी माणसं कुजबुजली, सुपारी परत गेली, तिच्यापुढं सगळे गप. तिनं आपल्या मनानं कारण शोधलं. एकवीस वर्सं ती असं समजून जगली की तिला पाहून, तिच्या रंगाला पाहून, लोक मागं फिरले. मला म्हणली, "मी कुणाच्या लग्नाला पुढं बसत न्हाई मावशी. फोटोत येत न्हाई. या पोरीला मी बाहेर शिकायला पाठवत न्हवते, ती माझ्यावर गेलीय म्हणून. लोकांनी पाहावं अन् नको म्हणावं, हे तिच्या वाट्याला नको."

मी खालीच बसले. म्हणलं, "तू नापसंत न्हवतीस गं बाई. त्यांनी तुला पसंत केली होती. त्यांच्या घरून दोनदा माणूस आलं होतं, का मोडता म्हणून इचारायला."

"दोनदा?"

"दोनदा. तुझ्या आईनं परत लावलं, माझ्या सांगण्यावरून."

ती हसली का रडली, मला नीट सांगता यायचं न्हाई. पदर तोंडाला लावला होता. शिवकन्या तिच्याजवळ जाऊन बसली, 'आत्या' म्हणली. मंग मालननं डोळे पुसले अन् हाक मारली, "सत्वशीला, ते सूप ठेव. इकडं ये. ही तुझी आजी काय सांगते ते ऐक. मावशी, पुन्हा सांगा. पहिल्यापासून. काही गाळू नका."

मी पुन्हा सांगितलं. पहिल्यापासून. त्या पोरीच्या तोंडाकडं पाहून सांगणं पहिल्यापेक्षा अवघड गेलं. ती मध्ये मध्ये इचारत होती, शिवकन्यावानीच. ते कधी? मंग तुम्हाला कुणी सांगितलं? त्यांनी सोता पाह्यलं होतं का? मी पाहतच राह्यले. हिला कुणी शिकवलं?

दिवाळीला गावी गेले की रामरावाच्या घरीबी जाणार. त्याच्या बायकोपुढं, लेकरांपुढं सांगणार. खडा जिथं जिथं गेला तिथं तिथं आता माझे पाय जायला पाहिजेत. ते खड्याएवढे चालत न्हाईत, पण जातील.

निघताना मालननं मला माफ केलं असं ती म्हणली न्हाई, अन् मी इचारलंबी न्हाई. चहा दिला. बसपर्यंत आली. बसच्या खिडकीखाली उभी राहून म्हणली, "मावशी, तुम्ही एकदा चुकीचं सांगितलं होतं. आजचं खरं कशावरून?"

साखरे, कॉलेज न्हाई, कॉम्प्युटर न्हाई, अन् माझ्या बहिणीच्या लेकीनं हे इचारलं. बसमध्ये मला रडू आलं. शिवकन्याला वाटलं, मी दुखावले. मी तिला म्हणलं, "येडे, गप बस. आज मी लई मोठं काहीतरी पाह्यलं."

मालन येत्या रविवारी तुझ्याकडं येतेय, सत्वशीलाला घेऊन. माझं सांगणं खरं का, ते तुला इचारायला. ते माणूस दोनदा आलं होतं का, तिला का सांगितलं न्हाई, सगळं इचारणार. तिला एकटीचं सांगणं पुरत न्हाई.

मला झाकायला जाऊ नको. अन् सोतालाबी.

तुझी आक्का